सिंहस्थाची शाळा : नाशिकची कुंभथॉन शिबिरे

गोदावरीच्या काठी नाशिक येथे आणि तिच्या उगमाजवळ त्र्यंबकेश्वर येथे दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. गुरू सिंह राशीत आला की या दोन्ही क्षेत्री आखाड्यांचे ध्वज उभे राहतात. वैष्णवांचे तीन आखाडे नाशिकला रामकुंडावर, तर शैव, उदासीन व निर्मल मिळून दहा आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत होती आणि त्र्यंबकेश्वर हे तर जेमतेम बारा हजार वस्तीचे गाव. पर्वणीच्या एका दिवसात या दोन ठिकाणी लाखो भाविकांचे पाऊल पडते. त्या दिवसापुरते पाणी, शौचालये, वैद्यकीय मदत, वाहनतळ आणि रस्ते यांचे एक वेगळेच नगर उभारावे लागते आणि पुढे ते मोडावेही लागते.

या नगराची एक अडचण फारशी बोलली जात नाही. ती पैशाची नाही की मनुष्यबळाचीही नाही. ती स्मरणशक्तीची आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत एखाद्या पोलीस शिपायाला किंवा नगरपालिकेच्या अभियंत्याला सिंहस्थ पाहावयास मिळतात ते दोन, फार तर तीन. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाबतीत तेही नाही, कारण बारा वर्षांत त्यांच्या अनेक बदल्या होतात. २०१५ च्या सिंहस्थात नाशिक महानगरपालिकेचे आयुक्त असलेले डॉ. प्रवीण गेडाम पुढे नाशिकचे विभागीय आयुक्त म्हणून आले, हा योग अपवादात्मक म्हणावा लागेल. एरव्ही नवा सिंहस्थ येतो तेव्हा मागच्याचे जाणकार विखुरलेले असतात. फाइली असतात, पण कोणत्या गल्लीत दुपारी किती वाजता लोंढा दुभंगतो, कोणत्या उतारावर वृद्ध थबकतात, हे फाइलीत क्वचितच उतरते. मेळा बारा वर्षांनी येणारा, आणि त्यासाठी लागणारे शिक्षण मात्र दरवर्षी चालू राहिले पाहिजे, असा हा पेच आहे.

नाशिकमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या ‘कुंभथॉन’ या शिबिरांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. नाव काहीसे अवघड आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याची जीभ त्यावर अडखळते. मात्र त्यामागील कल्पना साधी आहे. ज्यांना प्रश्न ठाऊक आहेत ते आणि ज्यांना उत्तरे घडविण्याची हौस व हातोटी आहे ते, या दोघांनी ठराविक काळाने काही दिवस एकत्र बसावे, एकमेकांकडून शिकावे, आणि पुढच्या भेटीपर्यंत काम पुढे न्यावे.

२००३ ची पर्वणी

या शिबिरांची निकड समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २७ ऑगस्ट २००३ रोजी, पर्वणीच्या दिवशी, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मृत्युमुखी पडले. जखमींची संख्या शंभरावर गेली. रस्ता उताराचा, दोन्ही बाजूंना जुनी घरे, पुढे अडथळा आणि मागून सतत येणारी माणसे, अशी ती परिस्थिती होती. त्याच दशकात महाराष्ट्राने आणखी एक आघात सोसला. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविकांचे प्राण गेले. तेथेही चढउताराची वाट आणि कोंडलेली गर्दी हीच कारणे प्रामुख्याने पुढे आली.

अशा घटनांनंतर ‘लोकांनी धीर सोडला’, ‘अफवेमुळे धावाधाव झाली’ असे म्हणण्याची आपली रीत आहे. गर्दीचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांचे मत निराळे आहे. त्यांच्या मते बहुतेक दुर्घटनांत माणसे धावत नसतात, कारण धावायला जागाच नसते. एका चौरस मीटर जागेत दोन-तीन माणसे असतील तर प्रत्येकाला आपले पाऊल आपल्या इच्छेने टाकता येते. ही संख्या चारच्या पुढे गेली की चाल मंदावते व अंगाला अंग लागते. सहा-सात माणसे त्याच जागेत आली की व्यक्तीची इच्छा संपते. जमाव पाण्यासारखा वागू लागतो आणि कोठेतरी बसलेला धक्का लाटेसारखा दूरवर पसरत जातो. अशा वेळी छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्यानेच बहुतेक मृत्यू होतात, आणि काही जण तर उभ्या उभ्याच प्राण सोडतात. मागे असलेल्याला पुढे काय चालले आहे हे दिसत नाही. तो पुढे सरकतच राहतो. दोष त्याचा नसतो. दोष त्याला थांबविणारी सूचना वेळेवर न मिळण्याचा असतो.

यासाठी फार मोठे गणित लागत नाही, आणि शाळेतील शिक्षकांनी ते फळ्यावर मांडून दाखविण्याजोगे आहे. सपाट रस्त्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला सुमारे ८० माणसे सुरळीत जाऊ शकतात, असे मोठ्या क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी मानले जाते. म्हणजे तीन मीटर रुंदीच्या गल्लीतून मिनिटाला २४० आणि तासाला १४,४०० माणसे जातील. आता त्या गल्लीच्या तोंडाशी तासाला १८,००० माणसे येत आहेत असे समजा. दर तासाला ३,६०० माणसे मागे साचतील. एका चौरस मीटरला चार या हिशेबाने त्यांना ९०० चौरस मीटर जागा लागेल, आणि तीन मीटर रुंदीच्या रस्त्यावर ही रांग ३०० मीटर लांब होईल. दोन तासांनी ती ६०० मीटर होईल. येणारा आणि जाणारा यांतील फरक डोळ्यांना अल्प वाटतो. घड्याळ मात्र तो वाढवीत नेते. मनोऱ्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला गर्दी ‘भरपूर’ दिसते, परंतु ती वाढते आहे की ओसरते आहे हे नुसत्या नजरेने सांगणे त्यालाही कठीण जाते. म्हणून मोजणी हवी, आणि तीही गर्दी आत येत असतानाच.

शिबिर कसे भरते

कुंभथॉनची कल्पना पुढे आणणाऱ्यांत प्रा. रमेश रासकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर आणि २००८ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये अध्यापक असलेले रासकर यांची जगाला ओळख आहे ती प्रकाशाची गती टिपू शकणाऱ्या कॅमेऱ्यामुळे आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर डोळ्यांचा नंबर तपासणाऱ्या स्वस्त उपकरणामुळे. २०१६ साली त्यांना पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. आपल्या गावी येणारा सिंहस्थ ही एक मोठी प्रयोगशाळा होऊ शकते हे त्यांनी ओळखले. लाखो माणसे थोड्या दिवसांसाठी जेथे एकत्र येतात तेथे आरोग्य, निवारा, अन्न, वाहतूक या साऱ्याच गोष्टींची कसोटी लागते. आणि जे येथे टिकेल ते झपाट्याने वाढणाऱ्या कोणत्याही शहरात उपयोगी पडेल, असा त्यांचा विचार होता.

या कामात त्यांना स्थानिक साथ लाभली. तीत सुनील खांडबहाले यांचा उल्लेख आवश्यक आहे. नाशिकजवळील महिरावणी या खेड्यातून आलेले खांडबहाले मराठी माध्यमात शिकले. तांत्रिक शिक्षण घेताना इंग्रजी कळेना, म्हणून त्यांनी शब्द गोळा करण्यास प्रारंभ केला आणि त्यातून संगणकावरील इंग्रजी-मराठी व पुढे इतर भारतीय भाषांचे शब्दकोश उभे राहिले. स्वतःची अडचण हाच शोधाचा आरंभ, हे त्यांच्या उदाहरणाने शिबिरार्थींना शब्दांवाचून समजत असणार.

‘कुंभथॉन’ हा शब्द ‘हॅकेथॉन’ या शब्दावरून घडविला आहे. १९९९ च्या सुमारास संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या मंडळींनी एकत्र बसून अखंड काम करण्याच्या बैठकींना हे नाव दिले. त्यात मॅरेथॉन शर्यतीचा शेपटाचा भाग जोडलेला आहे. अशा बैठका सामान्यतः एक-दोन दिवस चालतात, बक्षिसे वाटली जातात आणि मंडळी आपापल्या घरी जातात. भारत सरकारनेही २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ देशभर भरविण्यास सुरुवात केली. कुंभथॉनचा वेगळेपणा असा, की ती एकदाच भरून संपली नाही. २०१४ पासून २०१५ च्या सिंहस्थापर्यंत ही शिबिरे पुन्हा पुन्हा भरली. बाहेरून आलेले मार्गदर्शक, नाशिकच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी, स्थानिक उद्योजक, डॉक्टर आणि शासकीय अधिकारी यांच्या गाठी वारंवार पडत राहिल्या. एका शिबिरात मांडलेला प्रश्न पुढच्या शिबिरात नमुना होऊन येई, आणि त्याच्या पुढच्या खेपेस तो नमुना रस्त्यावर तपासला गेलेला असे.

कामाची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. आरंभी यंत्राची चर्चा नसते. प्रथम प्रश्न हुडकावयाचा, मग तो ज्यांना भोगावा लागतो त्यांना विचारून पडताळावयाचा, त्यानंतर अल्प खर्चात एक ओबडधोबड नमुना करावयाचा आणि तो लोकांत नेऊन पाहावयाचा. पुष्कळदा असे आढळते, की विद्यार्थ्याने आणलेला प्रश्न हा खरा प्रश्न नसतोच. ‘हरवलेल्या माणसांसाठी भ्रमणध्वनीवरील योजना’ घेऊन आलेल्या गटाला कोणी तरी विचारते, की जी म्हातारी हरवते तिच्याजवळ भ्रमणध्वनी असतो काय? मग त्या गटाला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. असे मागे येणे हाच या शिबिरांतील शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग होय, आणि तो परीक्षेच्या अभ्यासक्रमात बसत नाही.

पुठ्ठा आणि अॅल्युमिनियमचा कागद

या शिबिरांतून निघालेल्या उपक्रमांत ‘अशिओतो’ या चटईची कथा विशेष बोधप्रद आहे. जपानी भाषेत अशिओतो म्हणजे पावलांचा आवाज. नाशिकचा निलय कुलकर्णी हा तेव्हा शाळेत शिकणारा मुलगा. गर्दीतील माणसे मोजण्याचा स्वस्त उपाय काय, हा प्रश्न त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी घेतला. छायाचित्रणाने मोजणी करावी तर दाट गर्दीत एका माणसामागे दुसरा लपतो. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवरून अंदाज करावा, तर एका माणसाजवळ दोन यंत्रे आणि दुसऱ्या कुटुंबात सहा जणांत एक, अशी स्थिती. पाऊल मात्र प्रत्येकाला टाकावेच लागते. तेव्हा वाटेवर चटई अंथरावी, तिच्यावर पडणारा दाब विद्युत्-संकेतात बदलावा आणि ते संकेत लगोलग नियंत्रण कक्षाकडे पाठवावेत, असे ठरले.

पहिला नमुना तीन दिवसांत तयार झाला, तो पुठ्ठा आणि अॅल्युमिनियमचा पातळ कागद यांचा. तो चालला. मग अडचणी सुरू झाल्या. एकच माणूस चटईवर दोनदा पाय देतो. कोणी ती ओलांडूनच जातो. चटई फार रुंद केली तर एकाची दोन माणसे मोजली जातात, अरुंद केली तर मोजणीच चुकते. सर्वसामान्य माणसाच्या चालीतील पावलांचे अंतर पाहून, अनेक मापे वापरून, शेवटी १८ इंच ही रुंदी योग्य ठरली. पदार्थही बदलावे लागले, कारण नदीकाठच्या गर्दीत चटई ओली होणार, तुडवली जाणार, तिच्यावरून गाड्याही जाणार. २०१५ च्या सिंहस्थात ही चटई प्रत्यक्ष वापरण्यात आली आणि १८ तासांत पाच लाख माणसांची मोजणी तिने केली, असे निलयने पुढे टेडच्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावरून सांगितले. त्या वेळी श्रोत्यांना सर्वांत अधिक नवल वाटले असेल ते त्याच्या वयाचे. शिक्षकांनी मात्र १८ इंचांकडे पाहावे. लंबकाच्या प्रयोगात विद्यार्थी जे करतो तेच हे काम: एक माप बदलावयाचे, बाकी तसेच ठेवावयाचे आणि नोंद करावयाची. फरक इतकाच, की येथे उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेले नव्हते.

गर्दीखेरीज इतर विषयही शिबिरांत आले. भ्रमणध्वनी मनोऱ्यांच्या माहितीवरून लोंढ्याची दिशा ओळखणे, अन्नदान करणारे आणि गरजू यांची सांगड घालणे, तात्पुरता निवारा, डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करून साथीचा सुगावा लवकर घेणे, असे गट काम करीत होते. यांपैकी शेवटचा विषय पंचायत सदस्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. एका गावात दोन दिवसांत जुलाबाचे आठ रुग्ण वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले, तर प्रत्येक डॉक्टरला ते एक-दोनच दिसतात. आठांचा आकडा एकत्र आला तरच पाण्याच्या टाकीकडे लक्ष जाते. २०१३ च्या प्रयाग कुंभात हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी टॅब्लेटवर रुग्णांच्या नोंदी घेऊन हीच पद्धत वापरून पाहिली होती. त्याच विद्यापीठातील वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा आणि त्यांचे सहकारी यांनी त्या मेळ्यातील तात्पुरत्या नगररचनेवर २०१५ साली एक मोठा ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध केला. आपण ज्याला ‘गर्दी’ म्हणून सोडून देतो त्याकडे जग नगर म्हणून पाहते, हे त्यावरून कळते.

पर्वणीने शिकविलेले

२०१५ चा सिंहस्थ चेंगराचेंगरीवाचून पार पडला. याचे श्रेय एखाद्या चटईला किंवा शिबिराला देणे अन्यायाचे होईल. नवे घाट बांधून स्नानाची गर्दी एकट्या रामकुंडावर येणार नाही अशी तजवीज झाली होती, शहराबाहेर वाहनतळ होते, येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे ठेवले होते आणि हजारो पोलीस व स्वयंसेवक रात्रंदिवस उभे होते. तथापि त्या सिंहस्थाने एक वेगळा धडा दिला. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता, की भाविकांना मैलोगणती चालावे लागले, शहरवासीयांना घराबाहेर पडणे कठीण झाले, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी लोक घाटावर पोहोचले. त्यावर टीका झाली. प्रशासनाने ती मनावर घेतली व १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला अडथळे बरेच शिथिल केले. त्या दिवशी गर्दी मोठी झाली आणि स्नान सुरळीत पार पडले.

दोन आठवड्यांत झालेला हा बदल प्रशासनाला भूषणावह आहे. परंतु तो एका पर्वणीची किंमत देऊन झाला. गर्दी किती आहे हे नक्की माहीत नसले, की सावध अधिकारी अडथळा लावतो. त्याच्या जागी दुसरे कोणीही तेच करील. अनिश्चितता जितकी मोठी, तितकी कठड्यांची संख्या मोठी. मोजणीमुळे प्राण वाचतात हे तर खरेच. पण पाच मैल चालून आलेल्या वृद्धेला शेवटच्या अर्ध्या मैलावर उगाच थांबवावे लागत नाही, हाही तिचा लाभ आहे.

मोजणी पुरेशी असते असेही नाही. प्रयागराज येथील २०२५ च्या कुंभमेळ्यात माणसे मोजणारे कॅमेरे व संगणकीय प्रणाली मोठ्या प्रमाणावर बसविल्या होत्या. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे मौनी अमावास्येच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि ३० भाविक मृत्युमुखी पडल्याचे तेथील प्रशासनाने त्याच दिवशी जाहीर केले. आकडा पडद्यावर दिसणे आणि तो पाहून योग्य जागेवरील शिपायाने योग्य क्षणी दोर आडवा धरणे, यांमध्ये बरेच अंतर आहे. हे अंतर यंत्राने मिटत नाही. यंत्र करणारा विद्यार्थी आणि दोर धरणारा शिपाई यांनी आधी एकमेकांना भेटलेले असावे लागते. आकडा कोणत्या स्वरूपात आला तर आपल्याला उपयोगी पडेल, हे शिपाईच सांगू शकतो. कदाचित त्याला आकडा नकोच असेल, तांबडा दिवा पुरेल.

मागे काय उरते

अशा उपक्रमांच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शिबिरात जन्मलेल्या नमुन्यांपैकी बहुसंख्य पुढे टिकत नाहीत. विद्यार्थी पदवी घेऊन पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जातो आणि त्याच्याबरोबर गटही मोडतो. शासकीय खरेदीची पद्धत अनुभवी पुरवठादारांसाठी आखलेली असते. तीन वर्षांची उलाढाल दाखवा म्हटल्यावर विद्यार्थी काय दाखविणार? आणि ही अट काही निष्कारण नाही, कारण पर्वणीच्या दिवशी न चालणारे यंत्र घेण्याचा धोका कोणताही जबाबदार अधिकारी पत्करणार नाही. यावरचा व्यवहार्य मार्ग नेहमीच्या व्यवस्थेला धक्का न लावता, तिच्याच शेजारी नवा नमुना चालवून दोहोंचे आकडे ताडून पाहण्याचा आहे. नमुना फसला तर कोणाचे बिघडत नाही. टिकला तर पुढील निर्णयास आधार मिळतो.

गट मोडू नयेत यासाठी नाशिकमध्ये काही प्रयत्न झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीच्या वतीने शहरात ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र चालविण्यात आले. तेथे तरुणांनी काही महिने राहून एखाद्या सामाजिक प्रश्नावर काम करावे, अशी योजना होती. शाळांच्या पातळीवर २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहू लागल्या. ज्या शाळांत त्या आहेत तेथील शिक्षकांना एक गोष्ट अनुभवाने माहीत असेल, की साहित्य येते, खोली रंगविली जाते, आणि मग मुलांना काय करावयास सांगावे हा प्रश्न पडतो. यंत्रमानवाचे खेळणे दोनदा जुळवून झाले की उत्साह ओसरतो. गावच्या यात्रेत कळसाजवळच्या दारातून तासाला किती माणसे आत जातात, हा प्रश्न त्या खोलीला वर्षभर पुरण्यासारखा आहे.

येथेच पंचायतीचा संबंध येतो. सिंहस्थ बारा वर्षांनी येत असला तरी नाशिक जिल्ह्यातील यात्रा दरवर्षी भरतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि दिंड्या पायी येतात. चैत्रात व नवरात्रात सप्तशृंगगडावर घाटरस्त्याने लाखो भाविक चढतात. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला रात्रीपासून रीघ लागते, तीही पावसात, चिखलात आणि अंधारात. या यात्रांचा बंदोबस्त तेच तालुके, त्याच ग्रामपंचायती आणि तीच पोलीस ठाणी पाहतात, ज्यांच्यावर सिंहस्थातही भार पडतो. तेव्हा प्रत्येक यात्रेनंतर पंधरा दिवसांच्या आत सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आरोग्य सेविका, एस. टी.चे आगार प्रमुख, देवस्थानचे विश्वस्त आणि जवळच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी यांनी अर्धा दिवस एकत्र बसून काय घडले ते लिहून ठेवले, तर तेही एक कुंभथॉनच होईल. त्यासाठी परदेशी मार्गदर्शकाची गरज नाही. चहा आणि एक वही पुरे. वही मात्र पुढच्या वर्षी सापडली पाहिजे, आणि ती कोणा एका अधिकाऱ्याच्या कपाटात न राहता पंचायतीच्या दप्तरी असली पाहिजे.

आगामी सिंहस्थासाठी राज्य शासनाने २०२५ साली नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन करण्याचा निर्णय घेतला. प्रत्येक मेळ्याला नव्याने समित्या नेमण्याऐवजी एक कायदेशीर यंत्रणा असावी, हा त्यामागील हेतू आहे. अनुभव जपण्याचे काम या यंत्रणेकडून व्हावे, अशी अपेक्षा त्यामुळे बाळगता येते. त्याच वर्षी जाहीर झालेल्या वेळापत्रकात ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे, पहिली पर्वणी २ ऑगस्ट २०२७ या सोमवती अमावास्येला व दुसरी ३१ ऑगस्टला आहे. तिसरी ११ सप्टेंबरला नाशिक येथे आणि १२ सप्टेंबरला त्र्यंबकेश्वर येथे आहे.

ही दिनदर्शिका पंचांगाशी ताडून पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. ध्वजारोहण आणि पहिली पर्वणी यांच्या दरम्यान निवृत्तिनाथांची यात्रा व गडावरची चैत्रयात्रा अशा दोन मोठ्या यात्रा येतात, आणि मोजणीच्या साधनांची तालीम करण्यास त्या अत्यंत योग्य आहेत. त्यानंतर श्रावण लागतो. त्याचा तिसरा सोमवार येतो २३ ऑगस्ट २०२७ रोजी, म्हणजे पहिल्या व दुसऱ्या पर्वणीच्या मध्ये. एरव्हीच्या वर्षी ब्रह्मगिरीच्या फेरीला येणारे भाविक त्या दिवशी येतीलच, आणि सिंहस्थासाठी मुक्काम केलेले साधू व यात्रेकरूही त्र्यंबकेश्वरी असतील. पर्वणीच्या यादीत ही तारीख नाही. त्र्यंबक तालुक्यातील फेरीमार्गावरच्या गावांनी ती आपल्या यादीत आधीच लिहून ठेवावी.